पॅट्रिक गेडिस कोण होते? आधी सर्व्हे, मग लेआउट!

आमच्या अनसिंगसारख्या गावांच्या कडेला आता शेतं जाऊन लेआउट पडतायत. आधी जेसीबी येतो, कडुलिंब-बाभळी जातात, नाला बुजतो आणि मग चुन्याने प्लॉट आखले जातात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून मला हे डेटा न बघता कोड लिहिल्यासारखं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने याच्या अगदी उलट पद्धत शिकवली. चला, त्यांची ओळख करून घेऊ.

मुळात जीवशास्त्रज्ञ

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. लंडनला टी. एच. हक्सली यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले. 1879 मध्ये मेक्सिकोत असताना आजारपणात त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत ते खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताने चाचपायचे. त्यातून त्यांना विचार चौकटीत मांडायची कल्पना सुचली. मग कागदाच्या घड्या घालून ते एकेका घरात एकेक मुद्दा बसवू लागले. आजच्या भाषेत सांगायचं तर डोक्यातली स्प्रेडशीटच! या कागदांना ते विचारयंत्रं म्हणत.

दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावरचं काम कमी करावं लागलं. मग त्यांनी शहरांचा अभ्यास सुरू केला. लग्नानंतर ते आणि पत्नी अ‍ॅना एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीतच राहायला गेले. तिथे त्यांनी घरं दुरुस्त केली आणि रिकाम्या कोपऱ्यांत बागा लावल्या.

भारतात

1914 मध्ये ते भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचं सामान असलेलं जहाज मात्र जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवलं. मित्रांनी नवे नकाशे आणि चित्रं जमवली आणि 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन झालंच.

1917 हे वर्ष फार वाईट गेलं. मुलगा अ‍ॅलस्डेअर पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांतच अ‍ॅना भारतात तापाने गेल्या. तरी गेडिस थांबले नाहीत. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी दोन खंडांचा अहवाल लिहिला. तो 1918 मध्ये छापला गेला. पुढे 1919 पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आपले गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी.

त्यांचा अल्गोरिदम

स्टेप 1: आधी पायी फिरा. उतार, पाणी, विहिरी, मोठी झाडं आणि लोकांच्या रोजच्या वाटा बघा.
स्टेप 2: जागा, काम आणि माणसं यांचा एकत्र विचार करा.
स्टेप 3: जे चांगलं आहे ते ठेवा. सरसकट पाडापाडी न करता लागेल तेवढंच काढा. डॉक्टर जसा आधी तपासतो आणि मगच ऑपरेशन करतो, तसं.

1925 मध्ये तेल अवीवसाठी त्यांनी हेच विचार वापरले. मोठे रस्ते कडेने, आत अरुंद गल्ल्या, ब्लॉकच्या मध्ये सगळ्यांची बाग आणि आवार असलेली बुटकी घरं. रुंद रस्ते कमी, म्हणून डांबरही कमी आणि हिरवळीला जागा जास्त! पुढे तिथे जास्त मजल्यांच्या इमारती झाल्या, पण रस्त्यांची आखणी बरीचशी टिकली. 2003 मध्ये तो भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. गेडिस स्वतः 17 एप्रिल 1932 रोजी फ्रान्समध्ये वारले.

आपण काय करू शकतो?

गेडिस यांच्याकडे फक्त पाय, डोळे आणि कागद होता. आपल्या खिशात मात्र गूगल अर्थ आहे, इस्रोचं भुवन आहे. प्लॉट घ्यायच्या आधी जुनी सॅटेलाइट इमेज उघडा. नाला कुठून जात होता, उतार कुणीकडे आहे, झाडं किती होती, ते बघा. मग एखाद्या पावसाळ्यात तिथे स्वतः चक्कर मारा. बुजवलेला नाला नकाशावरून पुसता येतो, पण पाऊस काही नकाशा बघून वाहत नाही. ते पाणी पुढे कुणाच्या तरी घरातच शिरतं.