ओंडक्यावरची अळंबी आणि जॉन रेपर

मांजर्लीत आमच्या घरामागे आंब्याचा एक ओंडका पडून आहे. पावसाळा लागला की त्यावर करड्या-पांढऱ्या, लवदार पंख्यांची दाटी होते. उघडीप पडली की पंखे आक्रसतात, सर आली की उलगडतात. आजी त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून मोकळी होते. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मात्र शास्त्रीय नाव सांगितले, शायझोफायलम कम्यून. आणि त्या नावामागोमाग कला शाखेच्या मला जॉन रेपर भेटले.

रेपर यांचा जन्म १९११ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात झाला. थोरले बंधू केनेथ हेही बुरशीचेच संशोधक. घरात बुरशीचे वेडच म्हणायचे! पाण्यातल्या एका बुरशीत नर-मादी एकमेकांना संप्रेरकांनी साद घालतात, हे दाखवून रेपर यांनी १९३९ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात ते अणुबाँबच्या प्रकल्पात ओढले गेले. पुढे शिकागोत आणि १९५४ पासून हार्वर्डमध्ये त्यांनी आयुष्य वाहिले ते या पंख्यांना.

या अळंबीत नर-मादी नाहीत. बीजाणूपासून वाढलेले दोन तंतू भेटतात, पण त्यांच्या जनुकांचे दोन संच, 'अ' आणि 'ब', दोन्ही वेगळे असतील तरच जोडी पूर्ण जमते. हे जर्मनीच्या क्नीप यांनी आधीच ताडले होते. रेपर यांनी जगभरचे नमुने जमवून हिशेब मांडला, तेव्हा असे प्रकार २३,००० हून अधिक असावेत असे निघाले. सख्ख्या भावंडांत चारांतली एकच जोडी जमते, परक्यांत जवळपास सर्वच. आपल्या सगोत्राच्या नियमाची आठवण होते ना?

परंतु पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला असे नाही. १९५८ साली रेपर आणि क्रोंगेल्ब यांनी ज्या अळंब्यांकडे लक्ष वेधले, त्यांतल्या काही पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या, काही जटांसारख्या होत्या. दुसऱ्या कोणी त्या बिघडल्या म्हणून फेकल्या असत्या. रेपर यांना त्यांतच सूत्र दिसले: जोडी जमवणारी जनुके वेगळी, आकार घडवणारी वेगळी. शिवाय उजेड नसेल, हवा कोंदट असेल, तर उत्तम जनुकेही पंखा उघडत नाहीत. मला रेपर मोठे वाटतात ते या व्यंगांपाशी थांबल्यामुळे.

१९७४ साली ते गेले. त्यांच्या पत्नी कार्लीन यांनी याच अळंबीवरचे काम पुढे चालवले. २०१० साली तिच्या सुमारे १३,००० जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांतले एक जनुक बंद केले तर अळंब्या जास्त येतात, पण लहान. दुसरे बंद केले तर येतच नाहीत.

आमच्या ओंडक्याच्या भिंतीकडच्या अंधाऱ्या अंगाला गेल्या पावसात पंखे खुरटे, वेडेवाकडे आले होते. दोष जनुकांचा की अंधाराचा? यंदा मी ओंडका फिरवून ठेवला आहे. आजीची कुरकुर चालू आहे.