सॅव्हॉयचे राजपुत्र युजीन : झगा नाकारून तलवार धरणारा सेनानी

दर वर्षी ७ ऑक्टोबर रोजी आपण जपमाळेच्या मातेचा सण साजरा करतो. घरोघरी, वाडीवाडीत संध्याकाळच्या वेळी जपमाळेची प्रार्थना होते. हा सण १५७१ सालच्या लेपांटोच्या आरमारी लढाईच्या स्मरणार्थ सुरू झाला, हे बहुतेक भाविकांना ठाऊक असते. परंतु सुरुवातीला तो ठरावीक ठिकाणीच साजरा होत असे. संपूर्ण लॅटिन ख्रिस्तसभेच्या पंचांगात त्याला स्थान मिळाले ते १७१६ साली, पोप क्लेमेंट अकरावे यांच्या आज्ञेने. त्या आज्ञेमागे हंगेरीच्या दक्षिण सीमेवरील एका लढाईची पार्श्वभूमी होती, आणि त्या लढाईचे सेनापती होते सॅव्हॉयचे राजपुत्र युजीन. ऑस्ट्रियाच्या इतिहासातील सर्वांत नामवंत अशा ह्या सेनानीचा आपल्या जपमाळेशी असा दूरचा, पण खराखुरा संबंध आहे. त्यांच्या जीवनाची ओळख आपण करून घेऊ या.

युजीन यांचा जन्म १८ ऑक्टोबर १६६३ रोजी पॅरिस येथे झाला. वडील सॅव्हॉय राजघराण्याच्या एका शाखेचे, तर आई ऑलिंपिया मांचिनी ही फ्रान्सचे प्रबळ मंत्री कार्डिनल माझारँ यांची भाची. घराणे मोठे असले तरी त्यांचे बालपण सुखाचे नव्हते. वडिलांचे १६७३ साली निधन झाले. पुढे पॅरिसमध्ये गाजलेल्या विषप्रयोगांच्या प्रकरणात आईचे नाव गोवले गेले आणि १६८० साली तिला फ्रान्स सोडून पळावे लागले. मुले आजीच्या हवाली झाली. युजीन अंगाने किरकोळ, दिसायला सामान्य. त्या काळच्या उमराव घराण्यांच्या प्रथेप्रमाणे ह्या धाकट्या मुलाला धर्मसेवेसाठी राखून ठेवण्यात आले. त्याला धर्मगुरूंसारखा पोशाख चढवण्यात आला आणि राजदरबारात तो छोटा आबे म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. धर्मगुरुपद हे पाचारण आहे, घरच्यांनी केलेली सोय नव्हे. युजीन यांना हे पाचारण नव्हते आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे मान्य केले. त्यांचा ओढा गणित, युद्धशास्त्र आणि प्राचीन सेनानींच्या चरित्रांकडे होता. वयाच्या १९व्या वर्षी, १६८३ च्या प्रारंभी, त्यांनी राजे चौदावे लुई यांच्याकडे सैन्यातील एका तुकडीचे नेतृत्व मागितले. राजाने ते साफ नाकारले. ह्या एका नकाराची किंमत फ्रान्सला पुढे तीस वर्षे मोजावी लागली.

त्याच वर्षी ऑटोमन तुर्कांच्या प्रचंड सेनेने व्हिएन्ना शहराला वेढा घातला होता. सम्राट लिओपोल्ड पहिले यांच्या सेवेत असलेला युजीन यांचा भाऊ लुई ज्युलियस हा जुलैमध्ये तुर्कांच्या बाजूच्या तातार घोडेस्वारांशी लढताना जखमी होऊन मरण पावला. ही वार्ता ऐकताच २६ जुलैच्या रात्री युजीन यांनी गुपचूप पॅरिस सोडले. पासाऊ येथे त्यांनी सम्राटांची भेट घेतली आणि आपली सेवा देऊ केली. १२ सप्टेंबर १६८३ रोजी कॅपुचिन धर्मगुरू मार्को द' आव्हियानो यांनी व्हिएन्नाजवळच्या टेकडीवर पवित्र मिस्सा अर्पण केल्यानंतर पोलंडचे राजे यान सोबिएस्की यांच्या नेतृत्वाखाली मित्रसेना खाली उतरली आणि शहराची सुटका झाली. ह्या धर्मगुरूंना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली धन्यवादित म्हणून घोषित केले. त्या दिवशीच्या सैन्यात विशीही न गाठलेले युजीन होते. डिसेंबरमध्ये सम्राटांनी त्यांच्या हाती घोडदळाची एक रेजिमेंट सोपवली.

पुढील दहा वर्षांत हंगेरी आणि इटलीच्या रणांगणांवर ते पायरी पायरीने वर चढले आणि १६९३ साली, वयाची तिशी पूर्ण होण्याआधीच, फील्ड मार्शल झाले. ११ सप्टेंबर १६९७ रोजी आजच्या सर्बियातील झेंटा येथे तिसा नदी ओलांडणाऱ्या सुलतान मुस्तफा दुसरे यांच्या सेनेवर त्यांनी सूर्यास्तापूर्वी अवघ्या काही तासांत निर्णायक विजय मिळवला. सुलतान पैलतीरावर होते, त्यांची निवडक सेना ऐलतीरावर अडकली आणि हजारो सैनिक कापले गेले किंवा नदीत बुडाले. वजीरही मारले गेले. १६९९ च्या कार्लोवित्झ तहाने हंगेरीचा बहुतांश भाग हॅब्सबर्ग सत्तेकडे आला.

मात्र ह्या विजयाला एक काळी किनार आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. झेंटानंतर, ऑक्टोबर १६९७ मध्ये, युजीन काही हजार निवडक सैनिकांसह बोस्नियात शिरले. सारायेव्हो शहराकडे पाठवलेल्या त्यांच्या दूतावर हल्ला झाला, आणि त्यानंतर हे संपन्न शहर लुटून जाळण्यात आले. सैन्य परत फिरले तेव्हा सूडाच्या भीतीने बोस्नियातील हजारो कॅथोलिकांनी घरदार सोडून त्याच्याबरोबर स्थलांतर केले. ज्या श्रद्धाळूंचा कैवार घेण्याच्या नावाने मोहीम निघाली, त्यांचीच मुळे आपल्या मातीतून उपटली गेली. युद्धाचा हिशेब नेहमी असाच अर्धवट जुळतो.

त्यानंतर स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध पेटले आणि युजीन यांची गाठ आता ख्रिस्ती राजाशी, ज्याने त्यांना नाकारले त्याच चौदाव्या लुईशी पडली. १७०३ साली ते सम्राटांच्या युद्धमंडळाचे अध्यक्ष झाले. १३ ऑगस्ट १७०४ रोजी ब्लेनहाइम येथे इंग्लंडचे सेनापती मार्लबरो यांच्यासमवेत त्यांनी फ्रेंच सेनेचा पराभव केला. एक कॅथोलिक, दुसरा अँग्लिकन, परंतु दोघांमध्ये हेवादावा नव्हता. दोन समान योग्यतेची माणसे एकमेकांचे श्रेय न हिरावता काम करू शकतात, ह्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. ७ सप्टेंबर १७०६ रोजी त्यांनी वेढ्यात सापडलेले तुरीन शहर मुक्त केले. लढाईपूर्वी सॅव्हॉयचे ड्यूक व्हित्तोरिओ आमेदेओ आणि युजीन शत्रूची पाहणी करण्यासाठी सुपेर्गा टेकडीवर चढले होते. तेथे ड्यूकनी पवित्र मरियेच्या नावाने मंदिर उभारण्याचा नवस केला आणि विजयानंतर तो फेडला. युव्हारा ह्या वास्तुकाराने बांधलेले सुपेर्गाचे बॅसिलिका आजही तुरीन शहरावर नजर ठेवून उभे आहे.

तथापि प्रत्येक विजय असा उजळ नव्हता. ११ सप्टेंबर १७०९ च्या मालप्लाके येथील लढाईत युजीन आणि मार्लबरो जिंकले खरे, पण त्यांच्या बाजूचे वीस हजारांहून अधिक सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. १७१४ साली राश्टाट येथे फ्रेंच सेनापती व्हिलार यांच्यासमोर बसून वाटाघाटी करण्याचे कामही युजीन यांनीच केले. रणांगणावरचे दोन प्रतिस्पर्धी शेवटी तहाच्या टेबलाशी समोरासमोर आले.

आता जपमाळेच्या सणाकडे वळू या. १७१६ साली तुर्कांशी पुन्हा युद्ध सुरू झाले. ५ ऑगस्ट रोजी, डॅन्यूब नदीकाठच्या पेट्रोवाराडिन किल्ल्याजवळ, ५२ वर्षांच्या युजीन यांनी मोठा विजय मिळवला. वजीर दामाद अली पाशा रणात पडले. हा दिवस होता हिममाता मरियेच्या सणाचा, म्हणजेच रोममधील सांता मारिया माज्जोरे ह्या महामंदिराच्या समर्पणाचा. रोममध्ये ही वार्ता पोहोचल्यावर पोप क्लेमेंट अकरावे यांनी युजीन यांना आशीर्वादित तलवार आणि टोपी पाठवून गौरविले आणि जपमाळेच्या मातेचा सण सर्वत्र साजरा करण्याची आज्ञा दिली.

पुढच्या वर्षी बेलग्रेडच्या वेढ्यात युजीन यांच्यावर कठीण प्रसंग ओढवला. समोर किल्ला आणि मागे मदतीला आलेली प्रचंड तुर्की सेना, अशा कात्रीत ते सापडले. १६ ऑगस्ट १७१७ रोजी पहाटेच्या दाट धुक्यात त्यांनी मागच्या सेनेवर चढाई केली आणि ती उधळून लावली. किल्ल्याने शरणागती पत्करली तेव्हा आतील सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना सुखरूप बाहेर जाऊ देण्यात आले. सारायेव्होच्या आगीनंतर वीस वर्षांनी त्याच सेनानीच्या हातून घडलेली ही गोष्ट आपण विसरू नये. माणूस वयाबरोबर मऊ होऊ शकतो, हा आशेचा धागा आहे. १७१८ च्या पासारोवित्झ तहाने हे युद्ध संपले.

युजीन आजन्म अविवाहित राहिले. लिओपोल्ड पहिले, जोसेफ पहिले आणि चार्ल्स सहावे अशा तीन सम्राटांची त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ सेवा केली. मिळालेल्या संपत्तीतून त्यांनी योहान लुकास फॉन हिल्डेब्रांट ह्या वास्तुकाराकडून व्हिएन्नात बेल्व्हेडेरे हे प्रासादयुग्म बांधून घेतले. सुमारे पंधरा हजार ग्रंथांचा संग्रह केला, जो आज ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा अनमोल ठेवा आहे. तत्त्ववेत्ते लाइब्निझ यांनी निसर्ग आणि कृपा ह्या विषयावरील आपला निबंध १७१४ साली त्यांच्यासाठी लिहिला. रणांगणावरून परतणारा हा अबोल माणूस संध्याकाळी पुस्तकांत रमत असे. २१ एप्रिल १७३६ रोजी व्हिएन्नातील आपल्या निवासस्थानी, वयाच्या ७२व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. संत स्टीफनच्या कॅथेड्रलमधील क्रूसाच्या चॅपेलमध्ये त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मृत्युपत्र त्यांनी केलेले नव्हते. सारी मालमत्ता पुतणीकडे गेली आणि तिने ती भराभर विकून टाकली.

माणूस गेला की त्याचे स्मरण इतरांच्या हाती जाते. युजीन यांच्या स्मरणाचा प्रवास त्यांच्या चरित्राइतकाच बोलका आहे. १८६५ साली, त्यांच्या जन्मदिनी, १८ ऑक्टोबरला व्हिएन्नाच्या राजवाड्यासमोरील वीरांच्या चौकात शिल्पकार फेर्नकोर्न यांनी घडवलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १५ मार्च १९३८ रोजी ह्याच चौकात प्रचंड जनसमुदायासमोर हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्याची घोषणा केली. त्याच वर्षी जर्मन आरमाराच्या एका युद्धनौकेला युजीन यांचे नाव देण्यात आले. १९४२ साली ते नाव एसएस सैन्याच्या एका डिव्हिजनलाही देण्यात आले. ह्या डिव्हिजनने युगोस्लाव्हियातील निरपराध ग्रामस्थांवर अनन्वित अत्याचार केले. दोनशे वर्षांपूर्वी मरण पावलेल्या माणसाला आपल्या नावाचा असा गैरवापर थांबवता येत नाही. ती जबाबदारी जिवंत माणसांची असते.

परंतु स्मरण पापाच्या हाती कायमचे राहत नाही. १५ मे १९५५ रोजी युजीन यांच्या बेल्व्हेडेरे प्रासादातच ऑस्ट्रियाला पुन्हा स्वातंत्र्य देणारा राज्यकरार स्वाक्षरित झाला. २१ जून १९९८ रोजी त्याच वीरांच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मभगिनी रेस्टिट्युटा काफ्का यांना इतर दोघांसमवेत धन्यवादित म्हणून घोषित केले. ह्या परिचारिका धर्मभगिनीने रुग्णालयातील खोल्यांच्या भिंतींवर क्रूस लावले आणि ते काढण्यास नकार दिला. त्याबद्दल नाझी राजवटीने ३० मार्च १९४३ रोजी तिचा शिरच्छेद केला. ज्या चौकात हिटलरचा जयघोष झाला होता, तेथेच, पुतळ्यातील तलवारधारी सेनानीच्या साक्षीने, हाती शस्त्र नसलेल्या एका परिचारिकेला वेदीचा मान मिळाला.

पेट्रोवाराडिनजवळ टेकिये नावाच्या ठिकाणी हिममातेचे मंदिर आहे. टेकिये हे नाव तेथे पूर्वी असलेल्या दर्वेशांच्या मठावरून पडले आहे. दर वर्षी ५ ऑगस्टला कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स असे दोन्ही परंपरांचे भाविक तेथे एकत्र प्रार्थना करतात. रणभूमीची अशी यात्राभूमी झाली, हे युजीन यांच्या स्मरणाचे सर्वांत सुंदर रूप म्हणावे लागेल.

वाचकहो, युजीन संत नव्हते आणि ख्रिस्तसभेने त्यांना कधी संत म्हटलेले नाही. ते निष्ठावान, धैर्यवान, विद्याप्रेमी आणि आपल्या काळाच्या मर्यादांत वावरलेले सेनानी होते. ज्या विजयांनी त्यांचे नाव झाले त्यांचे नकाशे केव्हाच बदलले. बेलग्रेड तर त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत, १७३९ साली, हातचे गेले. टिकली ती त्या विजयाच्या निमित्ताने सर्वत्र पोहोचलेली जपमाळेची प्रार्थना. म्हणून येत्या ऑक्टोबरात हातात जपमाळ घेताना आपण ह्या सेनानीसाठी, त्याच्या बाजूने पडलेल्यांसाठी आणि त्याच्या विरुद्ध बाजूने पडलेल्यांसाठीही, एक दशक जरूर म्हणावे. तिसा नदीत बुडालेल्या अनाम सैनिकांनाही आई होतीच.