वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

चालता धंदा सोडून अधिक कष्टाचे काम पत्करण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्यास त्या दिवसांतील रात्री कशा जातात हे सांगावयास नको. देऊळगाव राजासारख्या गावी राहणाऱ्या माणसास तर असे प्रसंग नित्य पाहावयास मिळतात. बालाजीच्या यात्रेत दुकान मांडणारा असो, शाळेतील मास्तर असो की कचेरीतील कारकून असो, एकदा बसलेली घडी मोडावी की न मोडावी, या विचाराने भला माणूस हैराण होतो. घरात भाकरीची ददात नसते, चार लोक मान देतात, कोणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि तरीही आपले खरे काम हे नव्हे, ही टोचणी मनास लागून राहते. उठावे तर पोटाची भीती, न उठावे तर मनास चैन नाही. अशा पेचातून गेलेल्या एका पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे. हे पुरुष परके नव्हेत. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वसईचे. भारतात जन्मलेल्या माणसांपैकी ख्रिस्तसभेने ज्यांस सर्वांत प्रथम संत म्हणून घोषित केले ते हेच. वेदीवर त्यांची मूर्ती पाहून आपण गुडघे टेकतो. परंतु हे एके काळी पेढीवर बसून नफातोट्याचा हिशेब पाहणारे गृहस्थ होते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांच्या हाती आली. तेथे १५५६ सालच्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई कोकणातील. अशा घरच्या मुलास दोन्ही भाषा घरबसल्या येतात. पण दोन्ही बाजूंस नाते असलेल्यास कोणत्याच पंक्तीत पहिले पान मिळत नाही, हेही तितकेच खरे, आणि त्याचा अनुभव त्यास पुढे आलाच. किल्ल्यात येशूसंघाच्या धर्मगुरूंचे मंदिर आणि पाठशाळा होती. तेथे त्याचे शिक्षण झाले आणि फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांची त्याच्यावर माया जडली. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात उतरल्यापासून येशूसंघाचे लक्ष त्या देशाकडे लागले होते. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा मुलगा धर्मगुरूंच्या सोबतीने जहाजावर चढला आणि जपानास गेला. तो वसईस पुन्हा परतला नाही.

जपानात त्यांनी भाषा फार लवकर आत्मसात केली. तेथील बोली नुसती तोंडी येऊन भागत नाही. थोरांशी एक, बरोबरीच्यांशी दुसरी आणि धाकट्यांशी तिसरी, अशा आदराच्या पायऱ्या तीत असतात आणि एक पायरी चुकली तर सारा कार्यभाग बिघडतो. ते सर्व या वसईकर तरुणाने साधले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. आपल्याकडे मिशनच्या खेड्यांत ज्यांस मास्तर म्हणत, त्यांचेच हे काम: लोकांस एकत्र जमविणे, प्रार्थना शिकविणे, धर्मगुरूंचे बोलणे त्यांच्या भाषेत समजाविणे. येशूसंघात बंधू म्हणून आपणांस घेतील, ही त्यांची आशा होती. ती सफळ झाली नाही. भारतात जन्मलेल्यांस, आणि मिश्र वंशाच्यांसही, संघात प्रवेश देण्याविषयी त्या काळचे वरिष्ठ नाखूष असत. मनुष्य कामास चालतो, पण घरचा म्हणून चालत नाही, हे दुःख ज्याने भोगले असेल त्यासच कळेल. गोन्सालो यांनी कोणाशी वाद मांडला नाही. त्यांनी धर्मगुरूंचा निरोप घेतला आणि व्यापारात पडले.

आता त्या व्यापाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सोडलेल्या वस्तूची किंमत कळल्यावाचून सोडणाऱ्याची योग्यता कळत नाही. त्या काळी चीनचे रेशीम पोर्तुगीज जहाजांतून मकाववरून जपानास जाई आणि त्याच्या बदल्यात जपानच्या खाणींतील चांदी बाहेर पडे. १५७१ पासून नागासाकीचे बंदर या देवघेवीचे ठाणे झाले. अशा बाजारात माल पुष्कळांजवळ असतो, नौका पुष्कळांजवळ असतात. परंतु खरीदणाऱ्याची भाषा जाणणारा, त्याचा रीतिरिवाज ओळखणारा आणि ज्याच्या शब्दावर दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल असा माणूस विरळा. गोन्सालो यांचे भांडवल ते हेच. अलाकाव नावाच्या ठिकाणी त्यांनी पेढी घातली. धंदा हां हां म्हणता वाढला, पूर्वेकडील बंदरांतून त्यांचे व्यवहार सुरू झाले, पदरी पैसा जमला. ज्यास काल संघाच्या दारावरून परतावे लागले त्यास आज व्यापारी दारात उभे राहून सलाम करू लागले. मिश्र वंशाची आठवण बाजारात कोणी काढीत नाही. हुंडी वेळेवर पटली म्हणजे झाले.

धंदा बुडाला म्हणून वैराग्य आले, अशी मंडळी आपण पाहतो, आणि त्यांचे वैराग्य धंदा सावरला की ओसरते, हेही पाहतो. गोन्सालो यांचे तसे नव्हते. त्यांचा धंदा भरात होता. व्यापारानिमित्त त्यांचे मनिला शहरी जाणे झाले. तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या कडक शाखेचे साधू त्यांच्या दृष्टीस पडले. अंगावर जाड्याभरड्या कापडाचा झगा, कमरेस दोरी, पायांत काही नाही, आणि रुग्णांची व दरिद्र्यांची सेवा. या लोकांत आपण जावे की न जावे, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे उभा राहिला.

या ठिकाणी किंचित थांबणे इष्ट आहे. त्यांचे वय तेव्हा तिशी ओलांडलेले होते. पंधराव्या वर्षी घर सोडताना मुलास काही सोडावयाचे नसते. तो एक गंमत म्हणून जहाजावर चढतो. तिशीनंतर गोष्ट निराळी. हाताखाली माणसे असतात, येणी असतात, देणी असतात, आणि ज्या शरीराने एकदा मऊ अंथरूण पाहिले ते फरशीवर झोपावयास कुरकुरते. शिवाय फ्रान्सिस्कन संघाचा नियम असा, की साधूने नाण्यास हात लावू नये. ज्याच्या बोटांस इतक्या वर्षांत चांदी पारखण्याची सवय लागली, त्यास हा नियम काय वाटला असेल! आणि याहूनही मोठे भय दुसरे होते. एकदा त्यांनी आठ वर्षे वाट पाहिली होती आणि रिकाम्या हाताने ते परतले होते. पुन्हा तोच अर्ज, दुसऱ्या दारी, पेढी मोडून करावयाचा. आणि तेथेही नकार आला तर ना संघ, ना पेढी. गरिबीच्या भीतीवर पुष्कळ लोक मात करितात. एकदा झिडकारला गेलेला माणूस दुसऱ्यांदा दार ठोठावतो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास अधिक कठीण वाटते.

१५८८ साली त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. तो धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून. ब्रदर म्हणजे मिस्सा अर्पिण्याचा अधिकार नाही, प्रवचनाची व्यासपीठे नाहीत. मठातील स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा, दारोदार भिक्षा. कालपर्यंत जे हुकूम देत होते ते आता दुसऱ्याच्या आज्ञेने पाणी भरू लागले.

त्यांच्या आयुष्यातील हा पालट येथेच पुरा झाला असता तर ते मनिलाच्या मठात सुखाने वृद्ध झाले असते, कारण मठाचीही माणसास सवय होते आणि तीही एक प्रकारची स्वस्थ नोकरीच होऊन बसते. पण पाच वर्षे झाली नाहीत तोच दुसरी हाक आली, आणि ती पहिलीहून कठीण होती. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने सारा देश आपल्या मुठीत आणिला होता, १५९२ साली कोरियावर सैन्य पाठविले होते, आणि फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे अशी मागणी मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे केली होती. गव्हर्नराने १५९३ साली फादर पेद्रो बाउतिस्ता यांस वकील नेमून पाठविले. त्यांच्याबरोबर तीन फ्रान्सिस्कन निघाले. त्यांत दुभाषी म्हणून जाण्याजोगा माणूस एकच होता.

नीट विचार केला असता, हे जाणे किती अवघड! ज्या देशात लोकांनी त्यांस श्रीमंत व्यापारी म्हणून पाहिले, त्याच देशात अनवाणी, भिक्षेकऱ्याच्या झग्यात उतरावयाचे. तेथे १५८७ पासून ख्रिस्ती धर्मगुरूंस हद्दपार करण्याचा हुकूम निघालेला, आणि तो पुरता अमलात आला नसला तरी मागेही घेतलेला नव्हता. त्यात आणखी एक नाजूक बाब अशी, की पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपविले होते आणि फ्रान्सिस्कनांचे तेथे येणे संघाच्या वरिष्ठांस मान्य नव्हते. म्हणजे ज्या गुरुजनांनी वसईपासून त्यांस वाढविले, त्यांच्याच नाराजीस आता तोंड द्यावयाचे. दोन्ही संघांचे हेतू शुद्ध होते आणि दोघांचेही रक्त पुढे एकाच टेकडीवर सांडले. परंतु त्या वेळचा मतभेद खरा होता आणि तो लपविण्यात काही लाभ नाही. गोन्सालो गेले. क्यूशू बेटावरील नागोया येथे हिदेयोशीपुढे वकिलातीची भेट झाली. वकील स्पॅनिश बोलणारे, धनी जपानी, आणि मध्ये हा वसईचा ब्रदर. ज्याच्या एका शब्दाने डोकी उडत त्यास न दुखविता, आणि मनिलाची बाजूही न सोडता बोलावयाचे होते. त्या भेटीअंती साधूंस देशात राहण्याची परवानगी मिळाली, यावरून दुभाष्याचे काम कसे झाले हे समजून येईल.

राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योतो, तेथे त्यांनी १५९४ साली मंदिर बांधिले आणि जवळच महारोग्यांसाठी दवाखाने उघडले. महारोग्यास स्पर्श करण्यास जेथे कोणी धजत नसे तेथे हे साधू त्यांचे पाय धूत. पैशास न शिवणाऱ्या या घराचा बाजारहाट, सरकारदरबारची बोलणी, शेजाऱ्यांशी संबंध, हे सर्व ज्यास भाषा व व्यवहार ठाऊक त्याच्याकडेच येणार हे उघड आहे. व्यापारात कमाविलेली हातोटी फुकट गेली नाही.

काळाची कल्पना यावी म्हणून सांगतो. आपल्या शेजारी सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवरावांच्या घरी जिजाबाईंचा जन्म १५९८ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, गोन्सालो यांचे आयुष्य संपले. ते असे. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. हिदेयोशीने त्यावरील किमती माल जप्त केला. त्या भानगडीत साधू हे स्पेनच्या स्वारीचे पुढारी आहेत, असा संशय त्याच्या मनात भरला आणि डिसेंबरात फ्रान्सिस्कनांच्या घरावर पहारे बसले. एकंदर चोवीस जणांस धरले. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांत घालून शहरातून धिंड काढिली, आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे चालविले. वाटेत आणखी दोघे त्यांस मिळाले आणि संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, पौल मिकी यांच्यासह तीन येशूसंघी, आणि सतरा जण सामान्य श्रद्धावंत. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. सहा फ्रान्सिस्कनांत मेक्सिकोचे फिलिप हे एक. तेही तारुण्यात मठ सोडून व्यापारासाठी मनिलास आले होते आणि तेथेच पुन्हा संघात शिरले. म्हणजे बाजार सोडून आलेले या मेळ्यात गोन्सालो एकटेच नव्हते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. ज्या बंदराच्या जिवावर व्यापाऱ्यांच्या पेढ्या भरत, ते त्या टेकडीवरून समोर दिसे. भाल्यांनी बरगड्या भेदून सर्वांस ठार केले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. क्रुसावरील मरणाचा निर्णय राजाचा होता; मनिलाच्या मठात शिरण्याचा निर्णय मात्र सर्वस्वी त्यांचा स्वतःचा, आणि चरित्र वाचताना आमचे मन नागासाकीपेक्षा मनिलातच अधिक घोटाळते, हे येथे नमूद करतो.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्षींस धन्यवादित म्हणून गौरविले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांस संतपद दिले. मधल्या काळात वसईचे दैव फिरले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकिला, पोर्तुगीज गेले, मंदिरांची छपरे पडली आणि भिंतींवर वड-पिंपळ वाढले. त्या पडझडीत येशूसंघाचे जुने मंदिर, ज्याच्या आवारातील पाठशाळेत तो मिश्र वंशाचा मुलगा धडे गिरवीत होता, तेही होते. त्याची आता डागडुजी झाली असून तेथे संताचा सण दरवर्षी भरतो. ज्या संघात गोन्सालो यांस प्रवेश मिळाला नाही त्या संघाचे ते मंदिर. वसईचे लोक मात्र त्यास आज संत गोन्सालो गार्सिया यांचे मंदिर म्हणूनच ओळखतात.