विश्लेषण : कोंडा म्हणजे मळ नव्हे, हे सांगणारे डॉ. उन्ना कोण होते?

केसांत कोंडा दिसला की पहिला सल्ला मिळतो तो डोके नीट धुण्याचा. जणू कोंडा होणारी माणसे अस्वच्छच असतात! पण कोंड्याचे मूळ त्वचेच्या आत आहे, असे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ डॉ. पाऊल गेर्सन उन्ना यांनी १८८७ मध्येच मांडले होते.

युद्धातून प्रयोगशाळेत

उन्ना यांचा जन्म ८ सप्टेंबर १८५० रोजी हॅम्बर्गमध्ये डॉक्टरांच्या घरात झाला. वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच ते १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात गेले आणि गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांनी स्ट्रासबर्गमध्ये बाह्यत्वचेच्या थरांवर प्रबंध लिहिला. पुढे व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा यांच्याकडे त्वचारोगांचे धडे घेतले. हॅम्बर्गला परतल्यावर त्यांनी स्वतःचे त्वचारोग रुग्णालय काढले.

नेमके काय मांडले?

कोंडा म्हणजे तेलग्रंथींचा वाळलेला स्राव, असा समज तेव्हा रूढ होता. हेब्रांच्या परंपरेतही तेच शिकवले जाई. उन्ना यांनी गुरूंची ही वाट सोडली. कोरडा कोंडा, तेलकट खपल्या आणि लालसर चट्टे ही एकाच दाहाची कमी-अधिक तीव्र रूपे आहेत, असे त्यांनी सांगितले. त्यांचे सगळेच बरोबर ठरले नाही. त्वचेवरचे तेल घामाच्या ग्रंथींतून येते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही.

प्रथिनांचा संबंध काय?

त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर सरकताना केराटिन या प्रथिनाने भरत जाते. वरच्या थरात पोहोचेपर्यंत तिचे केंद्रक विरघळते आणि ती सुटी, नकळत गळून पडते. कोंड्यात हा प्रवास घाईने होतो. पेशी कच्च्याच वर येतात, त्यांत केंद्रक शिल्लक राहते आणि त्या झुबक्याने सुटतात. तोच आपल्याला दिसणारा कोंडा.

अलीकडे अशा टाळूचे नमुने तपासले गेले. त्यांत केराटिनचे काही प्रकार आणि पेशींचे कवच घडवणारे इन्व्होल्युक्रिन कमी आढळले. रक्तातले अल्ब्युमिन मात्र जास्त होते, म्हणजे त्वचेचा बांध सैल झाला होता. झिंक पायरिथिऑनच्या शाम्पूने कोंडा कमी झाल्यावर ही प्रमाणे सुधारली.

मग बुरशीचे काय?

मॅलॅसेझिया ही बुरशी कोंडा नसलेल्या टाळूवरही असते. ती तेलाचे विघटन करते आणि त्यातून सुटणारी आम्ले काहींच्याच त्वचेला झोंबतात. म्हणूनच एकाच घरात, एकच शाम्पू वापरूनही एकाला कोंडा होतो, दुसऱ्याला नाही.

उशिरा मिळालेले पद

त्वचारोगांच्या सूक्ष्मरचनेवरचा उन्ना यांचा ग्रंथ १८९४ मध्ये आला. १९११ मध्ये बाजारात आलेल्या निव्हिया क्रीमच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. पण हॅम्बर्गला विद्यापीठच १९१९ मध्ये मिळाले. तिथे ते त्वचारोगांचे प्राध्यापक झाले, तेव्हा वय सत्तरीला टेकले होते. २९ जानेवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

खांद्यावर पडलेला कोंडा झटकताना आजही अनेकांना ओशाळल्यासारखे होते. ओशाळण्याचे काही कारण नाही. रोज घासून धुऊनही कोंडा हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे चांगले.