मीनाकुमारीची तबकडी

नटनट्यांच्या तबकड्या म्हणजे निव्वळ हौस, असे मी समजत होते. मीनाकुमारीची 'आय राइट, आय रिसाइट' (१९७१) ऐकली आणि गप्पच झाले. कविता तिच्या, आवाज तिचा, संगीत खय्याम यांचे. मुंबईत जन्मलेली ही महजबीन घर चालवण्यासाठी लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली; 'लेदरफेस' १९३९ चा. शाळा नावालाच. तरी 'नाझ' या नावाने ती लिहीत राहिली. पडद्यावरचे अश्रू इथे नाहीत. आहे तो थकलेला, सावकाश आवाज. 'पाकीजा' लागून दोन महिने होण्याआधीच, ३१ मार्च १९७२ रोजी, ती गेली. वह्या गुलजारांकडे सोपवून.

माझी आई शाळेत गेलेली नाही, उर्दूही तिला कळत नाही. घरी लावली तेव्हा कविता संपेपर्यंत तिने भाकरी थापायला घेतली नाही.