सपाट पडद्यावरील किमयागार : बाबूराव पेंटर

विद्यार्थी मित्रांनो, नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ तुम्ही पाहिले आहे का? सातपुडा पर्वतात, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर हे थंड हवेचे ठिकाण आहे. तेथे सीताखाईजवळ सुरक्षित जागी उभे राहा आणि समोर पाहा. जवळचा डोंगर गडद दिसतो. त्याच्यामागचा फिकट दिसतो. सर्वांत दूरचा तर निळसर होऊन आकाशात मिसळून गेल्यासारखा वाटतो. पुढच्या डोंगराने मागच्याचा पायथा झाकलेला असतो. अंतर कोणी मोजलेले नसते, तरी कोणता डोंगर जवळ आणि कोणता दूर, हे आपल्याला चटकन कळते.

हे कसे कळते? सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैसम या थोर विद्वानाने या प्रश्नाचा अभ्यास केला. केवळ डोळ्यांनी अंतर समजत नाही. डोळ्यांनी टिपलेल्या खुणांवरून मन अंतराचा अंदाज बांधते, असे त्याने दाखवून दिले. म्हणूनच कोणी त्याच खुणा सपाट कापडावर रंगवल्या, तर आपले मन फसते आणि कापडावर आपल्याला खोल दरी दिसू लागते!

अशा खुणा रंगवण्यात हातखंडा असलेला एक कलावंत कोल्हापुरात होऊन गेला. त्याचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. लोक त्यांना 'बाबूराव पेंटर' म्हणत.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कुशल कारागीर होते. त्यामुळे हत्यारे आणि रंग यांची ओळख बाबूरावांना लहानपणीच झाली. चित्रकलेच्या मोठ्या शाळेत ते गेले नाहीत. पाहावे, करावे, चुकावे आणि पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव त्यांचे जिवलग सोबती होते. दोघांनी मिळून संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले.

हे काम सोपे नव्हते. पडद्यावर राजवाडा काढायचा, तर जवळचे खांब मोठे आणि दूरचे लहान काढावे लागतात. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा मागे जाता जाता एकमेकींजवळ आणाव्या लागतात. उजेड एका बाजूने आणि सावली दुसऱ्या बाजूला दाखवावी लागते. हे नीट जमले, की दूर बसलेल्या प्रेक्षकाला कापडाचा विसर पडतो. या दालनातून आपण चालत आत जाऊ शकू, असे त्याला वाटते.

सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट आला. या नव्या कलेने दोघा भावांना वेड लावले. आपणही चित्रपट काढायचा, असा त्यांनी निश्चय केला. पण १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांवर दुःखाचा डोंगर कोसळला. तरीही त्यांनी भावाचे स्वप्न सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने त्यांनी स्वतःच चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली.

आता एक नवीच अडचण होती. रंगवलेला पडदा दूरून पाहावा. नट त्याच्या अगदी जवळ गेला, की त्याची सावली रंगवलेल्या आकाशावर पडते! वारा आला, की राजवाड्याची भिंत हलते. चित्रातल्या दारातून नटाला आत जाता येत नाही. कॅमेऱ्यापुढे हे सोंग उघडे पडते. ज्या पडद्यांनी बाबूरावांना नाव मिळवून दिले, तेच बाजूला ठेवायचे का? स्वतःच्या उत्तम कलेचा मोह सोडणे कोणालाही कठीणच. बाबूरावांनी तो सोडला. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी खरी लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारले. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची रेखाचित्रे काढत. पडदे रंगवताना तयार झालेली नजर अशी उपयोगी पडली.

सन १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्यात झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की पुढे सरकारने ते काढून टाकायला लावले. सन १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटात त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी सांगितली. त्यात देवदेवता नव्हत्या, राजवाडे नव्हते. गरिबाचे दुःख होते. तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पुढे शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांचे सहकारी वेगळे झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी इतरांसह प्रभात फिल्म कंपनी काढली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

मित्रांनो, तुम्ही कधी तोरणमाळला गेलात, तर कागद-पेन्सिल सोबत न्या. एकामागे एक असलेले तीन डोंगर काढा. जवळचा गडद करा, मधला फिकट करा आणि दूरचा अगदी पुसट ठेवा. सपाट कागदावर दरी उघडेल. पहिल्या वेळी जमले नाही, तर पुन्हा काढा. बाबूरावही असेच शिकले होते.