रुडॉल्फ डिझेल आणि धुराड्यातली शक्ती

डिझेल हा शब्द आपल्या कोपरगाव परिसरात कोणाला ठाऊक नाही? ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरपासून ते मनमाड-दौंड मार्गावर वर्षानुवर्षे गाड्या ओढलेल्या रेल्वे इंजिनांपर्यंत तो सगळीकडे आहे. पण हे एका माणसाचे आडनाव आहे, हे माझ्या अनेक मित्रांच्या गावीही नव्हते. मी कलाशाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या माणसाचे चरित्र मला एखाद्या शोकांतिकेसारखे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८७० मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन म्हणून या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकला प्राध्यापक लिंडे यांच्या तासाला त्याने ऐकले की, वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के कामी लावते, बाकी सारी वाया जाते. ते त्याच्या मनातून कधीच गेले नाही. (तासाला दिलेले कान कधी कुठे उपयोगी पडतील, सांगता येत नाही!)

सायकलीत हवा भरताना पंप तापतो, हे आपण जाणतोच. डिझेलने हेच टोकाला नेले. सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. ठिणगीची गरजच नाही. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षी पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण उडाले. चार वर्षांच्या खटपटीनंतर, १८९७ च्या फेब्रुवारीत, इंजिनाने २६ टक्के उष्णता कामी लावून दाखवली.

याच प्रयोगांत त्याने आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरून पाहिली होती. शक्ती वाढली, पण इंधनाचा हिशेब बिघडला. त्याने तो नाद सोडला. मला वाटते, काटकसर हेच त्याचे दैवत असल्यामुळे त्याला पुढचे दार दिसले नाही. ते दार उघडले आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या वायूने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, ही त्याची युक्ती. तिचे पेटंट १९०५ चे, पण खरे यश १९२५ मध्ये; दोन जर्मन जहाजांची इंजिने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. हाच टर्बोचार्जर.

पेट्रोलच्या मोटारीला तो इतका सहज मानवत नाही. तिथे हवेबरोबर इंधनही दाबले जाते. मुळातच जास्त दाबाच्या इंजिनाला टर्बो जोडला तर मिश्रण अवेळी पेटते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला भोकही पडू शकते. म्हणून आधी मूळ दाब कमी करावा लागतो. डिझेलच्या सिलिंडरमध्ये दाबताना इंधनच नसते, मग अवेळी पेटणार काय? वाराणसीत १९६४ पासून बनलेली २६०० अश्वशक्तीची रेल्वे इंजिने टर्बोचीच होती.

डिझेलला मात्र हे काही पाहायला मिळाले नाही. लहान कारागिराला परवडेल असे यंत्र द्यावे, ही त्याची मूळ तळमळ. प्रत्यक्षात इंजिन गेले बड्या कारखान्यांत आणि पाणबुड्यांत. पैसा अमाप आला. पण जमिनींच्या व्यवहारांत तो बुडाला, पेटंटाच्या वादांनी आणि डोकेदुखीने तो खचला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर तो जेवला, खोलीकडे गेला आणि सकाळी तिथे नव्हता. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडले. त्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या.